पकडण्यापेक्षा सोडण्याचे कसब : दापोली-गुहागर भागातील सर्पमित्रसेवेचे परीक्षण

दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांच्या किनारपट्टीवर वनविभागाच्या परवानगीने काम करणारा सर्पमित्रांचा एक लहानसा गट आहे. घरात, परसदारी, विहिरीत किंवा गोठ्यात साप अथवा घोरपड आढळल्यास ही मंडळी येतात, प्राणी ओळखतात, आवश्यकता असेल तरच त्याला पकडतात आणि जवळच्या योग्य जागी सोडून देतात. गेली काही वर्षे आमच्या व शेजारच्या घरांना या सेवेचा वारंवार उपयोग झाला आहे. ती कशी चालते, कोठे उत्तम आहे आणि कोठे उणी पडते, याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. या मंडळींची नावे आणि खासगी क्रमांक येथे देत नाही. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारल्यास त्या त्या भागातील अधिकृत सर्पमित्रांचा संपर्क मिळू शकतो आणि तोच मार्ग योग्य आहे.

माझे मत आधीच सांगते. सर्पमित्राची पारख तो साप किती धिटाईने पकडतो यावरून करू नये. कोणता साप पकडायला तो नकार देतो आणि पकडलेला साप कोठे नेऊन सोडतो, यावरून करावी. या दोन्ही कसोट्यांवर हा गट मी पाहिलेल्या सर्वांमध्ये सरस आहे.

आमच्याकडील घरांची रचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना परसदारी साप का येतात हे वेगळे सांगायला नको. घरामागे माड-पोफळीचे आगर, त्याभोवती मातीचा गिलावा न करता नुसत्या दगडांवर दगड रचून केलेला गडगा, गडग्यालगत पातेऱ्याचा म्हणजे वाळक्या पाल्याचा ढीग, झावळ्या, नारळाची सोडणे, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली लाकडांची खोपी आणि कोंबड्यांचे खुराडे. गडग्याच्या फटींत उंदीर-घुशी राहतात, विहिरीच्या ओलाव्याला बेडूक येतात आणि त्यांच्यामागून साप येतात. धामण आणि दिवड तर बारमाही दिसतात. नानेटी पावसाच्या सुरुवातीला अंगणात फिरते, कवड्या भिंतीवरून पालींच्या मागे चढतो, नाग खोपीत किंवा वारुळात असतो, घोणस पातेऱ्यात पडून राहते आणि कातळावरच्या दगडांखाली फुरसे असते.

फुरशाविषयी रत्नागिरी जिल्ह्याचा एक जुना इतिहास येथे सांगण्यासारखा आहे. ब्रिटिश राजवटीत या जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे आणि १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवल्यावर अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेल्याची नोंद आहे. एवढ्या संहारानंतरही सड्यावरचा म्हणजे कातळाच्या माळावरचा दगड उलटला तर आजही फुरसे सापडते. मारून साप संपत नाहीत, हे आमच्या जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वीच मोठी किंमत देऊन पाहिले आहे, म्हणून माणूस आणि साप यांना एकाच आगरात सुरक्षित राहता यावे यासाठी झटणाऱ्या या सेवेचे मोल मला फार वाटते.

सेवेची सुरुवात फोनवर होते आणि माझ्या मते तिचा सर्वांत चांगला भाग तोच आहे. पलीकडचा माणूस घाईने "निघालोच" असे म्हणत नाही. साप कोठे आहे, घराच्या आत की बाहेर, हालचाल करतो आहे की पडून आहे, घरात लहान मुले, म्हातारी माणसे किंवा कुत्रा आहे का, हे तो शांतपणे विचारतो. जवळ न जाता फोटो काढता येत असेल तर पाठवायला सांगतो. "काकू, नजर तेवढी त्याच्यावर ठेवा, पण जवळ जाऊ नका. कुणाच्या हातात काठी असली तर आधी ती खाली ठेवायला सांगा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता आमच्या घरात ते सर्वांना पाठ झाले आहे. ही सूचना वरवर साधी वाटली तरी तिच्यामागे अनुभव आहे. डिवचलेला साप अडगळीत शिरतो आणि मग तो सापडेपर्यंत घरातले कोणीही स्वस्थ झोपू शकत नाही. शिवाय माणसांना दंश होण्याचे बरेच प्रसंग साप मारताना किंवा हाताने हुसकावताना घडतात.

फोटो पाहून अनेकदा प्रश्न फोनवरच मिटतो. आमच्या खुराड्यात एकदा चांगली हातभर लांबीची घोरपड शिरली होती आणि अंड्यांचा फडशा पाडून कोपऱ्यात फुत्कार टाकत बसली होती. मी घोरपड नेण्यासाठी माणूस पाठवावा असे म्हटले, त्यावर त्यांनी तशी गरज नसल्याचे समजावून सांगितले. कुत्रा बांधून ठेवावा, कोंबड्या दुसरीकडे न्याव्यात, खुराड्याचे दार आगराच्या दिशेने सताड उघडे ठेवून सर्वांनी घरात जावे, एवढेच करायला सांगितले. अर्ध्या तासाने घोरपड आपल्या पायांनी गडग्यावरून पलीकडे निघून गेली. तिला धरायला गेलो असतो तर शेपटीचे फटके आणि नखांचे ओरखडे नक्की मिळाले असते आणि तिलाही इजा झाली असती. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; तिची शिकार करणाऱ्याला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे, पकडणेही त्यात येते. तरीही मांसासाठी, तेलासाठी आणि भोंदू लोकांच्या वस्तूंसाठी तिला मारणारे अजून आहेत. म्हणूनच फोनवर बोलणाऱ्याने शेवटी हळूच विचारले की, घोरपड तुमच्याकडे आल्याचे वाडीत फार लोकांना कळलेले नाही ना. ती काळजी मला मनापासून भावली.

ओळख पटवण्याच्या बाबतीत या गटाचे ज्ञान पक्के आहे. आमच्या न्हाणीच्या मोरीत एका रात्री काळसर अंगाचा, पांढरट पट्ट्यांचा साप दिसला आणि घरातल्या सर्वांनी तो मण्यार असल्याचे ठरवून टाकले. आलेल्या तरुणाने बॅटरीच्या उजेडात सुरक्षित अंतरावरून तो नीट न्याहाळला आणि आम्हालाही पाहायला लावले. पट्टे मानेपाशी ठळक होते आणि शेपटीकडे विरत गेले होते. डोके चपटे व मानेहून रुंद होते. अंगाचा रंग काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकणारा होता. तो बिनविषारी कवड्या होता. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने असतात, डोक्याजवळ अस्पष्ट किंवा नसलेले आणि शेपटीकडे स्पष्ट होत गेलेले. अंग निळसर काळे व तुकतुकीत असते आणि पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले षटकोनी व इतर खवल्यांपेक्षा मोठे असतात. एवढे समजावून दिल्यानंतर त्याने जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे होते. हे फरक पाहून घरच्या माणसाने साप उचलायचा नाही. खात्री नसताना प्रत्येक पट्टेरी साप मण्यारच समजून वागायचे आणि ओळख पटवण्याचे काम जाणत्यावर सोडायचे. मण्यारीचे दात लहान असतात, दंश अनेकदा दुखतही नाही, झोपेत चावली तर माणसाला कळत नाही आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, तेव्हा घरचे लोक भलत्याच आजाराचा विचार करत बसतात. मुलांना जमिनीवर झोपवताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्यावी, हा सल्ला आम्हाला त्या रात्री मिळाला आणि आम्ही तो पाळतो.

प्रत्यक्ष पकडण्याचे काम किती निगुतीने करता येते, हे मी नागाच्या वेळी पाहिले. बांधकामातून उरलेले चिरे आम्ही परसदारी रचून ठेवले होते आणि त्यांत नाग शिरला होता. दोघे जण आले. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात टोकाला वाकवलेल्या सळीची काठी, खांद्याला पिशवी आणि एक रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा पाईप, एवढेच साहित्य. त्यांनी प्रथम जमलेल्या लोकांना पडवीत पाठवले आणि मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवले. मग एकाने पाईपच्या एका टोकाला काळ्या जाड कापडाची पिशवी घट्ट बांधली व पाईपचे दुसरे तोंड चिऱ्यांच्या रचनेला लावून जमिनीवर ठेवले, तर दुसऱ्याने वरचे चिरे एकेक करून, हात मोकळ्या फटीत न घालता, काठीच्या साहाय्याने बाजूला केले. नाग उघडा पडताच फणा काढून उभा राहिला. दोघेही होते तिथे स्थिर झाले. काही क्षणांनी त्याने फणा मिटला आणि आसरा शोधत तो खाली वळला, तेव्हा काठीने त्याला फक्त दिशा देण्यात आली. समोर अंधारे भोक दिसताच तो आपण होऊन पाईपमध्ये शिरला आणि तेथून पिशवीत गेला. पिशवीचे तोंड पीळ देऊन बांधले, ती भोके पाडलेल्या बरणीत ठेवली, बरणीवर नागाचे नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. या सगळ्यात कोणाचाही हात नागाच्या मानेला लागला नाही.

ही पद्धत मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण याच्या नेमकी उलट पद्धत मी याआधी पाहिली आहे. हा गट आमच्या परिचयाचा होण्यापूर्वी दुसऱ्या गावाहून एक माणूस बोलावला होता. त्याने घोणस चिमट्याने दाबून ओढली, मान धरून वर उचलली, जमलेल्या मुलांना जवळ बोलावले आणि फोटो निघेपर्यंत तिला तशीच लोंबकळत ठेवली. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडत होती, हे तिच्या भीतीचे लक्षण होते, आणि बघणारे मात्र टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी ती बरणीत भरून तो घेऊन गेला व पुढे ती कोठे सोडली, की सोडलीच नाही, हे आम्हाला कधीच समजले नाही. चिमट्याच्या दाबाने सापाच्या बरगड्या आणि मणके दुखावतात, वरून जखम दिसत नाही आणि असा साप सोडल्यानंतर काही दिवसांत मरू शकतो. मान धरण्याच्या हव्यासापायी सर्पमित्रांनी जीव गमावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. ज्यांना साप पकडणे हा खेळ वाटतो, त्यांना घराच्या आवारात येऊ देऊ नये, इतके स्पष्ट मत त्या प्रसंगानंतर माझे झाले.

आता सोडण्याविषयी. बहुतेक घरांची अपेक्षा अशी असते की, साप शक्य तितक्या दूर, जमल्यास सह्याद्रीच्या पायथ्याशी नेऊन सोडावा. हा गट तसे करत नाही, आणि याच मुद्द्यावर त्यांचे लोकांशी सर्वाधिक वाद होतात. आमचा नाग त्यांनी त्याच संध्याकाळी आमच्या आगरापासून पाऊण किलोमीटरवर, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठच्या जुन्या राईत सोडला. सासूबाईंना ते अजिबात पटले नाही. पऱ्याच्या पलीकडे म्हणजे दाराशीच सोडल्यासारखे आहे, उद्या तो परत येईल, असे त्या म्हणाल्या. त्यावर त्या तरुणाने पायरीवर बसून त्यांना समजावले : "आजी, तो इथलाच आहे. त्याची बिळं, त्याचं पाणी, त्याचं भक्ष्य सगळं याच टापूत आहे. लांब नेला तर तो बावचळून रस्त्यावर येईल, गाडीखाली मरेल, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरेल. तुमच्या खोपीतले उंदीर गेले की तो इकडे फिरकणार नाही." सासूबाईंचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. आपल्या परिचयाच्या क्षेत्राबाहेर सोडलेले साप ठिकठिकाणी भरकटत राहतात, लपण्याच्या जागा न सापडल्याने उघड्यावर येतात आणि त्यांच्या मृत्यूचे प्रमाण वाढते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. एका ठिकाणचे रोग आणि परजीवी दुसऱ्या ठिकाणच्या सापांपर्यंत पोहोचण्याचा धोकाही त्यात असतो. शिवाय एक साप नेला तरी उंदीर आणि अडगळ तशीच राहिली, तर रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा साप येतो. त्यामुळे साप लांब नेऊन सोडणारी सेवा ग्राहकाला खूश करते, पण त्याचा प्रश्न सोडवत नाही. या गटाने लोकप्रिय होण्यापेक्षा योग्य तेच करण्याचे ठरवले आहे आणि त्याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन करावेसे वाटते.

धामणीच्या बाबतीत तर ते पकडायलाच नकार देतात, जर ती घराच्या आत नसेल तर. परसदारची धामण उंदीर खाते, ती बिनविषारी आहे, तिला राहू द्या, असे ते सांगतात. आमच्याकडे धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते आणि धामण ही नागाची मादी असते, अशा समजुती अजून पुष्कळ आहेत. दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना विळखे घालताना दिसल्या की लोक लांबून नमस्कार करतात आणि नाग-धामणीची जुळणी पाहिली असे सांगतात, प्रत्यक्षात ती दोन नरांची झुंज असते. या समजुती खोडून काढताना ही मंडळी कोणाला अडाणी ठरवत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे. याच किनाऱ्यावर वेळास आणि आंजर्ले येथील गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वर्षानुवर्षे राखली आहेत. तेही सरपटणारेच प्राणी आहेत आणि त्यांच्याबद्दलची आस्था गावाने समजून-उमजून स्वीकारली, कोणी रागावून ती निर्माण झाली नाही.

शेजारच्या वहिनींच्या परसातील धामणीचा प्रसंग मात्र वेगळा होता. कोंबड्यांनी भाजीचे वाफे उकरू नयेत म्हणून त्यांनी नायलॉनची जुनी मासेमारीची जाळी वईला म्हणजे कुंपणाला बांधली होती. धामण तिच्यात शिरली, सुटण्यासाठी वळवळली आणि जाळीचे धागे तिच्या खवल्यांखाली रुतून बसले. आलेल्या सर्पमित्राने तिच्या डोक्यावर ओले फडके टाकले, त्यामुळे ती शांत झाली. मग नखे कापण्याच्या लहान कात्रीने, कात्रीचे बोथट पाते अंगाकडे ठेवून, त्याने धागा आणि कातडी यांच्यामध्ये काडी सरकवत एकेक फास तोडला. दोन ठिकाणी कातडी सोलली गेली होती. ती धुऊन, पशुवैद्यकाला फोटो दाखवून, त्यांच्या सल्ल्याने धामण रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी त्याच आगराच्या टोकाला सोडली. वहिनींना त्याने दोष दिला नाही. जाळी काढून तिच्या जागी कामट्यांचा कूड बांधावा किंवा जाळी जमिनीपासून वीतभर वर घ्यावी, एवढे सांगितले. पावसाळ्यानंतर जाळीत अडकलेल्या सापांसाठी येणारे फोन खूप असतात असे तो म्हणाला. ज्यांच्या परसात अशी जाळी आहे, त्यांनी ती आजच पाहून घ्यावी.

प्रत्येक फेरीनंतर ही मंडळी नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, सापाची जात, अंदाजे लांबी, जखमा आणि सोडण्याचे ठिकाण लिहितात व घरमालकाची सही घेतात. सापाचा फोटो त्याच दिवशी वनरक्षकांना पाठवला जातो. हे कागदी काम कोणाला कंटाळवाणे वाटेल, पण पकडलेला प्राणी खरोखर सोडला गेला याची खात्री त्याशिवाय होत नाही. मांडूळ सापाची काय अवस्था झाली आहे हे आपण पाहतोच. दोन तोंडांचा म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून, लाखो रुपयांना विकण्याच्या आशेने तो पकडला जातो आणि त्या व्यवहारातील लोकांना पोलिसांनी अटक केल्याच्या बातम्या सतत येतात. अशा काळात नोंद न ठेवणाऱ्या सर्पमित्रावर विश्वास ठेवणे मला धोक्याचे वाटते.

घराची पाहणी हा या सेवेचा आणखी एक भाग आहे आणि तो मागावा लागत नाही. साप पिशवीत बंद झाल्यावर ते घराभोवती एक फेरी मारतात. मोरीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावा, लाकडे भिंतीला टेकवून न ठेवता जमिनीपासून वर मंचावर रचा, भात आणि कोंबड्यांचे खाद्य झाकून ठेवा, दाराखालची फट बुजवा, रात्री अंगणात बॅटरीशिवाय जाऊ नका, कातळावरचे दगड उचलताना आधी काठीने उलटा, अशा त्यांच्या सूचना असतात. फिनाईल, कार्बोलिक आम्ल, लसूण किंवा बाजारात मिळणाऱ्या साप पळवण्याच्या पावडरी यांवर पैसे घालवू नका, असे ते स्पष्ट सांगतात. त्यांच्या सूचनांनुसार आम्ही खोपी हलवली आणि चिरे उचलून टाकले, त्यानंतर घराला लागून साप दिसण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. गडग्यात ते अजूनही आहेत आणि असावेत.

दंशाच्या प्रसंगी काय करायचे, हेही ते प्रत्येक घरी सांगतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतली होती. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, चावलेला अवयव न हलवता आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठी-बांगड्या काढाव्यात आणि तडक रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते, त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेण्याची काहीही आवश्यकता नसते. हिरवा चापडा या आणखी एका विषारी सापाच्या विषावर मात्र हे प्रतिविष उपयोगी पडत नाही, तेथे डॉक्टर लक्षणांनुसार उपचार करतात. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा आहे की थेट उपजिल्हा रुग्णालयात जायचे, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे, असे ते आग्रहाने सांगतात. गटातील एक जण दर महिन्याला ही चौकशी करून वाड्यांतील व्हॉट्सॲप गटांवर कळवतो. त्याला कोणी हे काम दिलेले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिली आणि मोठी उणीव वेळेची आहे. माणसे मोजकी, प्रत्येकाची नोकरी किंवा शेती वेगळी, आणि मध्ये वाशिष्ठीची खाडी. दाभोळ-धोपावे फेरीबोट रात्री बंद झाली की पलीकडच्या तालुक्यातून मदत येणे जवळपास अशक्य होते, कारण चिपळूणमार्गे वळसा फार मोठा पडतो. अशा वेळी त्या खोलीचे दार बंद करून, दाराखाली जाड कापड खोचून सकाळपर्यंत वाट पाहावी लागते, आणि घरात म्हातारी माणसे असतील तर ती रात्र कठीण जाते. प्रत्येक मोठ्या वाडीत किमान एक प्रशिक्षित माणूस असेल तर हा प्रश्न सुटेल; त्यासाठी वनविभागाने प्रशिक्षण वाढवायला हवे. दुसरी उणीव अशी की, गटात स्त्रिया नाहीत. दिवसा घरी बहुधा बायकाच असतात, न्हाणीघरात किंवा माजघरात साप निघतो, तेव्हा एखादी प्रशिक्षित स्त्री असणे सर्वांना सोयीचे होईल. हे मी त्यांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. तिसरे म्हणजे, नव्याने शिकणारे काही तरुण घाई करतात. एकदा असाच एक मुलगा पिशवीचे तोंड बांधण्याआधीच उठू लागला होता आणि ज्येष्ठाने त्याला तिथल्या तिथे थांबवले. ज्येष्ठाचे लक्ष होते हे चांगलेच, पण शिकाऊ मुलाला विषारी सापाच्या वेळी पुढे करू नये, असे माझे मत आहे.

पैशांबाबत ही मंडळी संकोची आहेत. ते शुल्क सांगत नाहीत. पेट्रोलचे पैसे दिले तर घेतात, न दिले तर मागत नाहीत. त्यामुळे अनेक घरे फक्त आभार मानून मोकळी होतात, आणि भर पावसात दहा-बारा किलोमीटर दुचाकीवरून आलेला माणूस स्वतःच्या खिशातून खर्च करतो. बूट, काठ्या, पिशव्या आणि बॅटऱ्या यांचाही खर्च असतो. सर्पमित्रांना ओळखपत्र आणि अपघाती विमा देण्याविषयी राज्य सरकारकडून बोलले गेले आहे, ते लवकर प्रत्यक्षात यावे. पण तोवर ग्रामपंचायतींनी निदान साहित्याचा भार उचलावा आणि बोलावणाऱ्या घराने येण्या-जाण्याचा खर्च न मागता हातात ठेवावा. आमच्या वाडीत आम्ही तसे ठरवून घेतले आहे.

फोन करताना गाव आणि वाडी यांबरोबर जवळचे देऊळ, शाळा किंवा एस.टी.चा थांबा सांगावा, आणि घरातल्या एकाला बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभे करावे. आमच्याकडील आगरांतल्या घरांना पाट्या नसतात, आणि आलेल्या माणसाचा बराचसा वेळ घर शोधण्यातच जातो.